ठणका गेला, सूज आली

प्रश्न : कांदिवलीला राहणारे आणि फोर्टमध्ये नोकरी करणारे 47 वर्षांचे एक वाचक लिहितात : खालची डावीकडची, अक्कलदाढेच्या अलीकडची दाढ दोन-तीन महिने थंडाला झिणझिणत होती. मागच्या आठवड्यात एका रात्री ठणका सुरू झाला. आडवं पडलं की वाढायचा, म्हणून खुर्चीत बसून रात्र काढली. चहाने कळ यायची, गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटायचं. घराखालच्या मेडिकलवाल्याने तीन दिवसांच्या अँटिबायोटिक आणि दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी दुखायचं थांबलं. आता चार दिवस झाले, ठणका नाही. मात्र त्या बाजूने चावलं की ती दाढ इतरांपेक्षा उंच झाल्यासारखी लागते, आणि कालपासून जबड्याच्या कडेला किंचित सूज आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. शनिवारी गणपतीसाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी निघायचं आहे, दहा दिवसांसाठी. बायको म्हणते आजच दाखवा. काका म्हणतात, सूज असताना डॉक्टर दाताला हात लावत नाहीत, आधी ती उतरू दे. नेहमीच्या डेंटिस्टने गणपतीनंतरची तारीख दिली आहे. दुखत नसताना घाई कशाला, असं मला वाटतं. दातदुखी तातडीची कधी म्हणायची? माझी तशी आहे का?

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र वाचल्यावर तुम्हाला एका ओळीत कळवलं होतं, की सूज आहे आणि मधुमेह आहे, तेव्हा सदरातल्या उत्तराची वाट न पाहता आजच दाखवा. त्यामागची कारणं इथे सविस्तर देत आहोत. 'दुखत नाही म्हणजे घाई नाही' हा हिशेब तुमच्या एकट्याचा नाही, घरोघरी तो असाच मांडला जातो.

दाढ किती दुखते यावरून धोका किती आहे हे ठरत नाही. असह्य ठणकणारी दाढ बहुतेक वेळा जिवावरची नसते, आणि रुग्णालयात नेण्याची पाळी येते तेव्हा मूळ दाढ कधीकधी शांत असते. असं का होतं, ते तुमच्याच पत्रातल्या क्रमाने पाहू.

थंडाला झिणझिणायला लागली तेव्हा कीड दाताच्या वरच्या कडक थरातून आत उतरली होती, पण दाताच्या पोटातली नस जिवंत होती. कळ दोन-चार सेकंदांत जात असेल तर त्या टप्प्यावर साधं सिमेंट भरून बहुधा काम भागतं. रात्रीच्या ठणक्याच्या वेळी ती नस सुजली होती. बोटाला सूज आली तर कातडी ताणते. दाताच्या आत चहूबाजूंनी कठीण भिंत, सूज पसरायला जागाच नसते. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि ठणका वाढतो. गरमाने कळ आणि गाराने आराम, ही तर नस मरायला लागल्याची खूण आहे. त्यानंतर एकदम शांतता झाली. त्यात गोळ्यांचा वाटा असेलही, पण मुख्य म्हणजे मेलेली नस दुखत नाही. तिच्या जागी राहिलेले जंतू मुळाच्या टोकातून बाहेर हाडात उतरले, तिथे पू साठू लागला, त्या दाबाने दाढ खोबणीतून केसभर वर उचलली गेली. चावताना ती 'उंच' लागते ती म्हणूनच. जबड्याच्या कडेची सूज ही पुढची पायरी. थोडक्यात, बरं वाटायला लागल्यापासून तुमचा आजार उतरलेला नाही, पुढे सरकला आहे.

मग मेडिकलवाल्याच्या गोळ्यांनी काय केलं? अँटिबायोटिक रक्तातून पोहोचतं. मेलेल्या नसेपर्यंत रक्त जातच नाही, त्यामुळे औषध आसपासच्या जंतूंना थोपवतं आणि मूळ साठा तसाच राहतो. तुंबलेल्या मोरीत फिनेल ओतण्यासारखं आहे हे. नुसत्या ठणक्यासाठी, म्हणजे सूज-ताप नसताना, आणि दातावर उपचार होण्यासारखे असताना अँटिबायोटिक देऊ नये, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलं आहे. तुमच्या बाबतीत आता सूज आणि मधुमेह दोन्ही असल्याने डॉक्टर अँटिबायोटिक देतीलही, पण दाढेवरच्या कामाला जोड म्हणून. शिवाय चिठ्ठीशिवाय तेच पाकीट पुन्हा आणलंत तर सूज दोन दिवस दबेल आणि गावी गेल्यावर डोकं वर काढेल. कोणती गोळी किती दिवस घेतली ते पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा, पेनिसिलीनची अॅलर्जी असेल तर तेही सांगा.

काकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पू झालेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही, म्हणून काही डॉक्टर सूज ओसरेपर्यंत दाढ उपटणं पुढे ढकलतात. पण हात लावत नाहीत हे खरं नाही. दाढेला वरून छिद्र पाडून पू वाहू देणं, हिरडीवर गळू आलं असेल तर छोटा छेद देणं, आणि दाढ वाचणारी नसेल तर ती काढणं, हे सगळं सुजेतही करतात आणि करायला हवं, कारण साठा बाहेर पडल्याशिवाय सूज उतरायची नाही. भूल दूरच्या नसेजवळ देऊन ते साधता येतं. (वरचा दात काढला की नजर जाते, हाही असाच एक घरगुती सल्ला. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगळी. डोळ्याला धोका असतो तो वरच्या दाताच्या न काढलेल्या पुवाचा.)

आता 'तातडीची' म्हणजे काय ते. मोबाइलचा टॉर्च, आरसा आणि थर्मामीटर घेऊन पाच मिनिटं बसा. आधी तोंड मिटून चेहऱ्याच्या दोन्ही बाजू ताडून पाहा. मग बोटं जबड्याच्या खालच्या हाडावरून कानापासून हनुवटीपर्यंत फिरवा. हाडाची कड हाताला लागते का? लागत असेल तर सूज अजून गालाच्या बाजूला आहे. कड हरवली असेल आणि जबड्याखाली, गळ्याकडे घट्ट लाकडासारखं काही लागत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, निघा. मग तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. बहुतेकांची तिन्ही जातात. दोनही जात नसतील, आणि आठवड्यापूर्वी जात होती, तर संसर्ग चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचला असं समजा. गुटखा-मावा खाणाऱ्यांचं तोंड आधीपासूनच कमी उघडतं, त्यांनी नेहमीशी तुलना करावी. आणि तोंड कमी उघडणं ही वेगळ्याने दाखवण्याची तक्रार आहे, हेही लक्षात ठेवावं. त्यानंतर जीभ वर टाळूला लावून तिच्याखालची जागा पाहा, ती फुगून वर आली आहे का. एक घोट पाणी गिळून पाहा. शेवटी ताप मोजा, तोही पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी, नाहीतर गोळीने उतरलेला आकडा दिसेल.

जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज, गिळायला त्रास, लाळ गळणं, आवाज घोगरा किंवा तोंडात बटाटा ठेवल्यासारखा जड होणं, श्वास लागणं, तोंड न उघडणं, थंडी वाजून ताप, किंवा वरच्या दातामुळे डोळ्याची पापणी सुजून मिटायला लागणं, यातलं एकही असेल तर दाताच्या दवाखान्यात जाऊ नका. सरळ मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. कूपर, सायन, केईएम, नायर, जे जवळ पडेल ते. ट्रॅफिक किंवा अंतर आडवं येत असेल तर 108. रुग्णाला आडवं झोपवू नका, बसवून न्या, आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून वाटेत काही खायला देऊ नका. साखर एकदम कमी झाल्यासारखी वाटली तर मात्र ग्लुकोज द्या आणि पोहोचताच तसं सांगा. जबड्याखालच्या या पसरणाऱ्या संसर्गाचं वर्णन 1836 मध्ये जर्मनीच्या डॉ. लुडविग यांनी केलं. जीभ वर आणि मागे ढकलली जाऊन श्वासाची वाट बंद होते, आणि हे काही तासांत घडू शकतं. बहुतेक वेळा सुरुवात होते ती खालच्या मागच्या दोन दाढांपासून. त्यांच्या मुळांची टोकं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात, त्यामुळे पू तोंडात न येता थेट गळ्याच्या बाजूला जातो. तुमची दाढ त्यांपैकीच एक आहे, म्हणून तुमच्या 'किंचित' सुजेकडे इतक्या बारकाईने पाहायचं.

यातलं काही नसेल, पण गालावर सूज आहे, हिरडीवर पुवाची पुटकुळी आहे, दाढ उंच लागते, किंवा गोळी घेऊनही झोप येत नाही, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डेंटिस्ट. मधुमेही, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड घेणारे, किडनीचे रुग्ण यांनी 'दुसऱ्या दिवशी' हा पर्याय धरायचाच नाही. तुम्ही इथे बसता. गरम-थंडाची कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळते किंवा कारण नसताना ठणकते, पण सूज नाही, तर दोन-चार दिवसांत दाखवलं तरी चालतं. नस मरायच्या आत पोहोचायचं एवढंच. थंडाची क्षणिक झिणझिण, दातात अन्न अडकणं, तुटलेला कोपरा जिभेला लागणं, हे पंधरवड्यात कधीही.

आता तारखेचं. 'दाढ दुखतेय' एवढंच सांगितलं की रिसेप्शनवरून पुढच्या आठवड्याची वेळ मिळते, त्यात त्यांचा दोष नाही. फोनवर असं सांगा : "खालच्या दाढेला जबड्यावर सूज आहे, मधुमेह आहे, तोंड इतकी बोटं उघडतंय, ताप इतका आहे." मग बहुतेक दवाखाने त्याच दिवशी मध्ये घेतात. नाहीच घेतलं तर तुमचं ऑफिस फोर्टमध्ये आहे, आणि सीएसएमटीजवळ पी. डिमेलो रोडला सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना महापालिकेचं नायर दंत रुग्णालय मुंबई सेंट्रलहून चालत जाण्यासारखं. दोन्हीकडे सकाळीच जा, केसपेपर निघतो तो सकाळच्या ओपीडीत. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊ म्हटलंत तर हाती काही लागणार नाही. खर्चासाठी रूट कॅनल टाळत असाल (पत्रात तसं लिहिलं नाहीत, पण 'नंतर बघू'च्या मागे बऱ्याचदा तेच असतं) तर या दोन ठिकाणी खाजगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. वेळ जास्त जातो, हे मात्र धरून चाला.

तिथे काय होईल? आधी एक छोटा एक्स-रे, मुळाच्या टोकाशी किती हाड झिजलंय ते पाहायला. दाढ वाचण्यासारखी असेल तर पहिल्या बैठकीत भूल देऊन छिद्र पाडतात, मेलेली नस आणि पू काढतात, आत औषध घालून वरून तात्पुरतं सिमेंट बसवतात. तुमच्या गावच्या बेताला लागणारं काम एवढंच आहे. उरलेलं रूट कॅनल आणि कॅप आल्यावर करता येईल. त्यासाठी दहा दिवस थांबणं चालतं. न उघडलेल्या दाढेचं तसं नाही. दाढ फार पोकळ झाली असेल तर काढणं हाच उपाय, मग जखमेला निदान दोन दिवस मिळावेत म्हणून शनिवारच्या आदल्या संध्याकाळी नको, आधी करा.

जाताना नाश्ता करून, मधुमेहाची गोळी वेळेवर घेऊन जा. उपाशी गेलात आणि रांगेत दोन तास गेले तर खुर्चीत साखर उतरेल. संसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने संसर्ग फोफावतो, त्यामुळे सकाळचा ग्लुकोमीटरचा आकडा लिहून न्या. हृदयासाठी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

तोवर दुखण्यासाठी काय? तुमच्याबाबतीत पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम, एका वेळी एकच गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसात चार गोळ्यांपेक्षा जास्त नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक आणि मेडिकलमध्ये दातदुखीसाठी सर्रास मिळणारं केटोरोलॅक ही औषधं ठणक्यावर जास्त चालतात, हे कबूल. पण मधुमेहाने मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांची भर, म्हणून ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पोटात अल्सर असलेले, काही दमेकरी आणि गरोदर बायका यांनाही नकोत. पावसाळ्यात ताप असताना, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तर कुणीच घेऊ नयेत. आणखी एक : 'कॉम्बिनेशन' गोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतंच. त्यावर वेगळी क्रोसिन घेतली तर मोजमाप चुकतं. पाकिटामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा.

लवंगेचं तेल चालतं, पण कापसाच्या बोळ्याला एक थेंब, तोही खड्ड्यात. हिरडीवर चोळलं तर भाजतं. अॅस्पिरिन गोळी दाढेशी दाबून धरणं हा जुना प्रकार गालाच्या आतली कातडी पांढरी करून सोलतो. मशेरीने बधिर वाटतं ते तंबाखूमुळे. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा, गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, आणि झोपताना दोन उशा. बाहेरून गरम शेक देऊ नका. 'गळू पिकवण्या'च्या नादात सूज आणखी वाढते.

तुमच्यासारखं ज्यांनी लिहिलं नाही पण वाचत आहेत त्यांच्यासाठी थोडं. खालचा जबडा, विशेषतः डावीकडे किंवा दोन्हीकडे, जिने चढताना दुखतो आणि बसल्यावर थांबतो, सोबत घाम, धाप किंवा छातीत जड वाटतं, तर ते दाताचं न समजता लगेच रुग्णालयात जा. वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, वाकलं की जास्त, आणि सर्दी आहे, तर सायनस असण्याची शक्यता मोठी. दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू झाली तर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली असेल. ती धोक्याची नसते, पण दवाखान्यात खड्डा धुऊन औषध घातल्याशिवाय आराम पडत नाही. गरोदरपणात दात दाखवायचे नाहीत हा समज सोडा. पू असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार होतात. लहान मुलांच्या दुधाच्या दाढेला सूज आली तर 'पडणारच आहे' म्हणून थांबू नये, मुलांमध्ये सूज झपाट्याने पसरते. आणि दहीहंडीच्या थरावरून पडून कायमचा दात मुळासकट बाहेर आला असेल तर वरच्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, मळला असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा, जागेवर बसवा किंवा थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

गावी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या : कोणत्या दाढेवर काय केलं, कोणती गोळी किती दिवस, आणि पुढची तारीख. त्या बाजूने चावू नका. मोदक चालतील, नारळाचं कातळ्या केलेलं खोबरं आणि चिवड्यातले शेंगदाणे नकोत. सिमेंटचा एखादा टवका उडाला तर घाबरायचं कारण नाही, जेवणानंतर मिठाच्या पाण्याने चूळ भरत राहा. पूर्ण निघालं तर तालुक्याच्या गावी डेंटिस्टकडून पुन्हा बसवून घ्या, ते पाच मिनिटांचं काम आहे. तिथे पोहोचल्यावर पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ती जबड्याची कड आणि तीन बोटं तपासा. सूज तिसऱ्या दिवशीही उतरत नसेल किंवा खाली गळ्याकडे सरकत असेल, तर आरतीला थांबू नका, जिल्हा रुग्णालय गाठा.